दीड जेवण

दिवसाला जेवणं तीन, म्हणजे त्याचं अर्धं दीड. सरकारचा नियम असा, की माणूस ज्या घरात सांभाळायला ठेवलाय त्या घराने त्याला निम्म्याहून जास्त जेवणं घातली, तर त्याला सरकारी खर्चाने वाणसामान देणारं फूड कार्ड नाही. एकाच तोंडात दोघांनी घास कशाला घालायचा? घराने एक जेवण घातलं तर कार्ड मिळणार, दोन घातली तर नाही. लहान आणि सरकारी शिक्का असलेल्या घरांना यातून सूट होती म्हणे. मिस डोव्ही स्ट्रिकलंडच्या घराच्या शिक्क्याचा अर्ज कुठेतरी अडकला होता, आणि तो सोडवायला ती फारशी धावपळ करत होती असंही नाही.

जॉर्जियातल्या त्या लहानशा गावात पिकॅनच्या झाडांखाली तिचं लांबट, पांढरं घर होतं. आत नऊ जण राहायचे. कुणी म्हातारं, कुणी अधू, कुणी डोक्याने साधं. सगळ्यांचे पेन्शनचे चेक मिस डोव्हीच्या हातात जायचे आणि त्या बदल्यात पलंग, छप्पर आणि रात्रीचं जेवण मिळायचं. रात्रीचं जेवण खरंच चांगलं असायचं, हे कबूल करायला हवं. राजमा-भात, मक्याचा पाव, रविवारी कोंबडी. सकाळी मात्र कॉफी आणि पीनट बटर लावलेल्या सहा बिस्किटांचं प्रत्येकी एक पाकीट. दुपारी टीव्ही.

ल्यूशस पीव्हीला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. त्याचा जन्म शववाहिनी चालवण्यात गेला होता. काळा सूट, पांढरे हातमोजे, आणि आवाज असा की रडणारी माणसंही ऐकायला थांबायची. अर्धांगाच्या झटक्याने डावा हात गेला, घर हॉस्पिटलच्या बिलात गेलं, पण रीत गेली नाही. दुःखाच्या घरी जो ताट पुढे करेल त्याचं कौतुक करायचं, अन्नाला नाव ठेवायचं नाही, ही त्याची रीत. करपलेला केक खाऊनही तो विधवेला म्हणायचा, "मॅडम, असा केक खाऊन वर्षं झाली." आणि ते खोटंही नसायचं.

पण त्याच्या खोलीत इझेल होता. इझेल चाळिशीचा, अंगाने थोराड आणि मनाने सात-आठ वर्षांच्या पोरासारखा. त्याला साखरेचा आजार. सकाळची इन्सुलिनची सुई मिस डोव्ही स्वतः द्यायची आणि सुईची वेळ तिने कधी चुकवली नाही. सुईनंतर काय खायचं, ते मात्र बिस्किटांवर सोडलेलं. मग ऊन वर आलं की इझेलला दरदरून घाम फुटायचा, हात कापायला लागायचे, आणि तो भिंत धरून म्हणायचा, "मिस्टर ल्यूशस, घर हलतंय." एकदा तो न्हाणीघरात पडला आणि कपाळ फोडून घेतलं. ल्यूशसने एका हाताने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि दुसरा हात उचलत नाही म्हणून आयुष्यात पहिल्यांदा देवाला शिवी दिली.

दर मंगळवारी नर्स यायची, केटुरा. बोलायला फटकळ. तिने कपाळावरची पट्टी पाहिली आणि स्वयंपाकघरात जाऊन मिस डोव्हीला धारेवर धरलं.

"याला सकाळी अंडी पाहिजेत, मिस डोव्ही. दोन अंडी, वाटीभर ग्रिट्स, मक्याची लापशी. बिस्किटांवर सुई मारता, मरेल ना तो!"

"अंड्यांचा भाव बघितलास का, बाळ?" मिस डोव्ही म्हणाली. "नऊ जणांना दोन-दोन अंडी घातली तर विजेचं बिल कोंबड्या भरणार आहेत का?"

"मग एकट्याला घाला."

"आणि बाकीच्या आठांनी टकामका बघत बसायचं? माझ्या टेबलावर असा भेदभाव नाही चालत. मी चर्चला जाणारी बाई आहे."

बाहेर व्हरांड्यात केटुराने ल्यूशसला गाठलं आणि बेत सांगितला. इझेलचा सगळा कारभार मिस डोव्हीच्या सहीवर चालतो, पण ल्यूशस स्वतःची सही स्वतः करतो. त्याने फूड कार्डाचा अर्ज करायचा, अंडी आणायची, इझेलला घालायची.

"मी कधी सरकारकडे खायला मागितलं नाही," ल्यूशस म्हणाला.

"तुमच्यासाठी मागा म्हटलंय का मी? त्या पोरासाठी मागा."

"कुठे सही करू?" तो म्हणाला.

मुलाखतीचा फोन आला तो नेमका संध्याकाळी, स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या फोनवर. मिस डोव्ही चुलीशी उभी होती, तव्यावर पोर्क चॉप आणि त्यावर कांद्याचा रस्सा. तिनेच फोन घेतला आणि स्पीकर चालू केला.

"बोला मोठ्याने, मिस्टर ल्यूशस. सरकारला कमी ऐकू येतं."

खात्यातल्या बाईचा आवाज दमलेला होता. नाव, जन्मतारीख, पेन्शन झालं. मग ती म्हणाली, "आता जेवणाचं सांगा, मिस्टर पीव्ही. घरातून सकाळी खायला देतात का?"

ल्यूशसने मान वर केली. समोर मिस डोव्हीची पाठ. तिच्या मानेवर घाम आला होता, ब्लाउज पाठीला चिकटला होता, आणि हातातला डाव मधेच थांबला होता. त्याच्याच जेवणासाठी ती बाई आगीपाशी उभी होती. बिस्किटं म्हणजे काय नाश्ता आहे का मॅडम, एवढंच वाक्य होतं. ते त्याच्या घशाशी आलं आणि तिथेच बसलं.

"देतात, मॅडम," तो म्हणाला. "सकाळी काहीतरी असतंच. तक्रार नाही."

"म्हणजे नाश्ता मिळतो, असं लिहू?"

"हो, लिहा."

"आणि रात्रीचं?"

"रात्रीचं काय सांगू? बिशपला वाढावं असं असतं."

डाव पुन्हा हलायला लागला. पलीकडे खटखट टाइप केल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. मिस डोव्ही वळली तेव्हा तिचे डोळे ओले होते. "लोक काय काय बोलतात माझ्याबद्दल," ती म्हणाली. "तुम्ही सभ्य माणूस आहात, मिस्टर ल्यूशस." त्या रात्री त्याच्या ताटात दोन चॉप पडले. एक त्याने इझेलला दिला. चॉप फार चविष्ट होता, आणि त्याला तो गिळवेना.

एक नाश्ता, एक रात्रीचं, झाली दोन. अर्ज नामंजूर.

"काय केलंत हे?" केटुरा त्याच्यावर बरसली. "सहा बिस्किटांना नाश्ता म्हणालात?"

"ती समोर उभी होती. हातात डाव होता."

"डाव होता, बंदूक नव्हती!"

"तुझ्या आईने शिकवलं नाही का तुला, जिच्या हातचं खायचं तिच्या तोंडावर..."

"माझ्या आईने मला हेही शिकवलं की माणूस उपाशी असला तर बोंब मारायची. चांगुलपणा तुमचा आणि घाम त्या पोराला. वा!"

हे त्याला लागलं. लागायलाच हवं होतं. सभ्यपणाची हौस आपण फेडायची आणि किंमत इझेलने मोजायची, हे त्याला तोवर सुचलंच नव्हतं.

पुढच्या खेपेला केटुराने त्याला आपल्या गाडीत बसवलं, काचा वर केल्या, आपला फोन त्याच्या हातात दिला आणि पुन्हा अर्ज करायला लावला. आजूबाजूला कुणी नव्हतं, तरी ल्यूशसने आवाज खाली आणला. "सकाळी बिस्किटांचं पाकीट असतं, मॅडम. दुपारी काही नसतं. रात्री एकदा जेवतो." तो बोलला तेव्हा त्याचे कान तापले होते, कुणाच्या घरातून चोरी करून निघाल्यासारखे. पलीकडची बाई दुसरी होती. तिने काहीच विचारलं नाही. एक जेवण, असं लिहिलं आणि कार्ड मंजूर केलं.

मग काही दिवस त्या घरात खरंच सुखाचे आले. ल्यूशस केटुरासोबत दुकानात जाऊन अंडी आणि ग्रिट्स घेऊन यायचा. राहणाऱ्यांनी चुलीला हात लावायचा नाही हा घरचा कायदा होता, कारण मागे एकाने पडदा पेटवला होता. म्हणून अंडी मिस डोव्हीच करून द्यायची, जरा नाक मुरडून का होईना. पहिल्या सकाळी इझेलच्या पुढे दोन अंडी आली. तो ती बराच वेळ बघत राहिला, मग हळूच काट्याने पिवळं फोडलं आणि हसला. त्या दिवशी घर हललं नाही.

पण टेबलाभोवती बाकीची माणसंही बसलेली होती. बिस्किटं चावत. वासाने त्यांच्या माना वळत होत्या. ल्यूशसला ते बघवेना. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्याच्या ताटाचा मान राखला, तो आपल्या एकाच माणसाला अंडी घालून बाकीच्यांसमोर बसणार कसा? दुसऱ्या दिवशी त्याने मिस डोव्हीला सांगितलं, "सगळ्यांना करा. एक-एक तरी. इझेलला दोन."

"तुमचं कार्ड लवकर संपेल, मिस्टर ल्यूशस."

"संपू दे. मग बघू."

केटुराने ऐकलं तेव्हा कपाळाला हात लावला, पण त्याला दुकानात नेणं थांबवलं नाही. इझेलच्या कपाळाची जखम भरली होती.

आणि मग तो आला. खात्यातला तपासनीस, तरुण, गोरा, गळ्यात ओळखपत्र, बोलायला अगदी गोड. शिक्का नसलेल्या घरातून नवं कार्ड निघालं की कुणीतरी येऊन बघायचं, अशी पद्धत होती. आला तो सकाळी. सगळे टेबलावर. प्रत्येकापुढे अंडं, ग्रिट्स, वर लोण्याचा गोळा.

"वा," तो म्हणाला. "नाश्ता झकास दिसतोय."

मिस डोव्ही चुलीशी होती. ती वळली, ॲप्रनला हात पुसले आणि तोंड भरून हसली. "रोजचंच आहे, साहेब. माझ्या घरात कुणी उपाशी राहत नाही."

ल्यूशस उठला. काठी शोधायलाही थांबला नाही, टेबल धरून उभा राहिला. या खेपेला त्याच्या घशात काही अडकलं नाही.

"ती अंडी माझी आहेत," तो म्हणाला. "माझ्या कार्डावरची. मी आणतो. या बाई फक्त तव्यावर टाकतात. यांचा नाश्ता म्हणजे बिस्किटं. मिस डोव्ही, सांगा त्यांना."

मिस डोव्हीचं हसू जागेवरच राहिलं. "मिस्टर ल्यूशसची तब्येत बरी नसते," ती हळूच म्हणाली. "झटका आला होता ना."

"खोटं बोलू नका, बाई!"

टेबलावरची सगळी माणसं ताटात बघायला लागली. चेक कुणाच्या हातात जातो हे त्यांना माहीत होतं.

तपासनीसाने आपल्या टॅब्लेटवर बोट फिरवलं. "तुम्ही अंडी घेता हे दिसतंय मला, मिस्टर पीव्ही. पण एका माणसाच्या कार्डावर नऊ माणसं जेवतात, असं म्हणायचंय तुम्हाला? तसं असेल तर कार्डाचा गैरवापर झाला. तसं लिहू?"

हो म्हटलं तर गुन्हा, नाही म्हटलं तर अंडी घरची. ल्यूशस म्हणाला, "मी... समोर माणसं बसलेली असताना..."

तपासनीस वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच खरं काय ते हवं होतं. त्याने टेबलाभोवती नजर फिरवली, आणि सगळ्या खाली गेलेल्या मानांमधली एक वर असलेली मान त्याला दिसली. इझेलला पाहुणे आवडायचे.

"तुमचं नाव काय?"

"इझेल."

"इझेल, रोज अंडी मिळतात तुम्हाला?"

"रोज," इझेल म्हणाला. "दोन."

"कोण देतं?"

ल्यूशस काही बोलणार होता, पण तपासनीसाने हात वर केला. इझेलने नीट विचार केला. प्रश्न विचारला की घाई करायची नाही, विचार करून खरं तेच सांगायचं, हे त्याला ठाऊक होतं. रोज सकाळी त्याच्या ताटात अंडी कोण ठेवतं ते तो स्वतःच्या डोळ्यांनी बघत होता.

"मिस डोव्ही," तो म्हणाला.

तपासनीसाने लिहून घेतलं. एक नाश्ता, एक रात्रीचं जेवण. मिस डोव्हीने त्याला कॉफी विचारली, तो नको म्हणाला. दाराशी जाता जाता त्याने ल्यूशसला सांगितलं की पुढच्या महिन्यापासून कार्ड बंद होईल, आणि गैरवापराचं मी काही लिहिलेलं नाही, काळजी करू नका.

ल्यूशस खुर्चीत बसला. इझेल त्याच्याकडे बघत होता, खूश होऊन, शाबासकीची वाट बघत.

"मी बरोबर सांगितलं ना, मिस्टर ल्यूशस?"

ल्यूशसने त्याच्या ताटाकडे पाहिलं. अजून एक अंडं उरलं होतं.

"हो रे," तो म्हणाला. "बरोबर सांगितलंस. खा आता, सगळं खा."