सगळ्यात स्वच्छ नखं

खेळाचे सर दर सोमवारी नखं तपासत. बारा वर्षांत एक सोमवार चुकला नव्हता. लग्नसुद्धा त्यांनी रविवारी उरकलं होतं. नखात मळ दिसला की पट्टी, नाही दिसला की वहीत बरोबरची खूण. 'सगळ्यात स्वच्छ नखं' हे प्रमाणपत्र सलग तीन महिने सहावीतली एकच मुलगी पटकावत होती. तिची नखं कागदासारखी पांढरी होती. सरांनी तिला बाकावर उभं करून ती सगळ्या वर्गाला दाखवली होती.

मैदानावर मात्र सर त्याच मुलीला 'कासव' म्हणत. पळता पळता बसते, वर्गात पेंगते, वर खडू चोरते. एका मंगळवारी त्यांनी तिला आळसाबद्दल पाच फेऱ्या मारायला लावल्या. तिसऱ्या फेरीला कासव बसलं, मग आडवं झालं.

"नाटक पुरे. ऊठ."

ती उठली नाही. हसणाऱ्या मुलांपैकी एकाला सरांनी शेजारच्या दवाखान्यात पिटाळलं.

तिथली नर्स धावत आली. ती सरांची थोरली बहीण. तिनं मुलीचे पाय दप्तरावर टेकवले. मुलीनं डोळे उघडल्यावर तिची खालची पापणी हलकेच ओढली, नखं पाहिली, तळहात पाहिला. मग विचारलं, "खडू खातेस का गं?"

मुलीनं घाबरून सरांकडे पाहिलं. "खावासा वाटतो."

"हिच्या अंगात रक्त कमी आहे, म्हणूनच खडू खावासा वाटतो," बहीण भावाकडे वळली. "नखं बघ हिची. कधी बघितलीस?"

"ताई, दर सोमवारी बघतो. प्रमाणपत्र दिलंय हिला."

"कशाचं?"

"स्वच्छतेचं," सर पुटपुटले.

ताईनं मुलीची पांढरी बोटं सरांपुढे धरली.

"म्हणजे सोमवारी आजाराला बक्षीस आणि मंगळवारी आजाराला शिक्षा. धन्य आहेस! बारा वर्षं पोरांची बोटं हातात धरलीस आणि मळ तेवढा बघितलास."

"मी काय डॉक्टर आहे?"

"डोळे आहेत ना? पापणीच्या आत, नखात, तळव्यावर लाली आहे का, एवढं बघायला काय लागतं? आणि डोळे चुकतात, म्हणून वर्षातून एकदा सगळ्यांच्या बोटाचा एक थेंब. खास कागदावर टिपायचा, रंगपट्टीशी ताडायचा, फिका निघाला तर रक्त कमी. मिनिटाचं काम, खर्च किरकोळ. तीन वर्षं तुमच्या मुख्याध्यापकांकडे परवानगी मागतेय. शाळेला वेळ नाही म्हणतात. पट्ट्या मारायला आहे."

सरांनी मान खाली घातली. दुपारी ते मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन बसले आणि सही झाल्याशिवाय उठले नाहीत.

पुढच्या सोमवारी ताई रंगपट्टी घेऊन आली. वर्गातल्या अकरा मुलांचं रक्त कमी निघालं. त्यातली सात सरांच्या वहीत 'आळशी' म्हणून नोंदलेली होती. सरांनी ते पान फाडलं नाही. ते घेऊन ते सातही जणांच्या घरी गेले, आईबापांना दाखवलं आणि माफी मागितली.

तीन महिने लोहाच्या गोळ्या घेतल्यावर कासवानं प्रमाणपत्र परत आणलं. "सर, हे नको. आता नखं गुलाबी झालीत. खेळते म्हणून मळपण असतो."

सरांनी हात पाहिला. मळ भरपूर होता. त्यांनी बरोबरची खूण केली.

मंडळी, पेंगणाऱ्या पोराला आळशी म्हणायला एक पैसाही पडत नाही, म्हणून आपण ते इतक्या सढळ हातानं म्हणतो. आधी त्याची पापणी बघा, थेंब तपासून घ्या. आणि एवढं करूनही कोणाला शिक्षा द्यायची हौस उरलीच, तर तपासणीला वेळ नाही म्हणणाऱ्या मोठ्या माणसांना मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावा.