परक्या कपबशा

"नुसतं 'पुअर' चालत नाही मॅडम," संस्थेचा मंदार कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात अडकवत म्हणाला. "पुण्याची मंडळी 'एक्स्ट्रीमली पुअर' असल्याशिवाय पुढचं वाचतच नाहीत."

रत्नप्रभाबाईंनी मान हलवली. विशेषणाला एकटं सोडणं पुण्याच्या मंडळींना पसंत नसावं. पांढरकवड्याच्या शाळेत बाई इंग्रजी शिकवायच्या. कापसाचा भाव पडला, सरकी काढणारा एकेक जिनिंग कारखाना बंद पडत गेला आणि संस्था गरजू मुलींना पुण्याच्या वसतिगृहात पाठवू लागली. मुलींची माहिती इंग्रजीत लिहायचं काम बाईंकडे आलं. सुरुवातीला अशा घरातून परतल्यावर त्यांना घास उतरत नसे. तेव्हा 'व्हेरी'वर भागायचं. आता 'एक्स्ट्रीमली' हात आपोआप लिही, आणि बाई घरी जाऊन शांतपणे भाजी निवडत. आत काही हलत नसे.

आजचं घर केळापूरच्या पलीकडच्या गावात होतं. इंदुताईंचा नवरा जिनिंगमध्ये कामाला होता. जिनिंग बंद पडलं आणि दिवाळीआधी तोही गेला. मुलगी सुरभी दहावीत, बाईंच्याच वर्गात. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर तिची शाळा दहावीतच संपणार होती.

पण पाहुणे येणार म्हणून इंदुताईंनी घर सारवलं होतं. दारात रांगोळी, बाजेवर नवी चादर, फुलांच्या कपबशा मांडलेल्या. सुरभीच्या अंगात हिरवा ठेवणीतला ड्रेस. मंदारनं कॅमेरा खाली घेतला. "असा फोटो गेला तर जागा गेलीच समजा."

बाईंनी इंदुताईंना बाजूला घेतलं. "ताई, सुरभीला रोजचे कपडे घालायला सांगा. चादर, कपबशा आत ठेवा."

"काहून? पाहुणे येऊन राह्यले म्हून त शेजारच्या बसंतीबाईकडून मांगून आणल्या."

"फोटोपुरतं. नीटनेटकं घर दिसलं, तर त्यांना वाटेल यांना गरज नाही."

"गरज त हाय," इंदुताई म्हणाल्या.

चादर उचलली गेली, कपबशा आत गेल्या. रांगोळीबद्दल कोणी काही बोललं नव्हतं. ती इंदुताईंनी स्वतःच हातानं पुसली. सुरभी खांद्यावर उसवलेल्या फ्रॉकमध्ये दाराशी येऊन उभी राहिली. तिनं बाईंकडे पाहिलं नाही. गेल्याच महिन्यात तिनं वर्गात वाक्य केलं होतं, 'अवर हाऊस इज व्हेरी क्लीन', आणि बाईंनी त्यावर बरोबरची खूण केली होती.

मंदारनं फोटो काढले. बाईंनी लिहिलं. 'एक्स्ट्रीमली' लिहिताना आजही हात अडला नाही.

"झालं न तुमचं काम?" इंदुताईंनी विचारलं.

"झालं."

"पोरीले जागा भेटन न?"

"भेटेल."

"मंग जाऊ नका लगेच."

त्या आत गेल्या. थोड्या वेळानं सुरभी हिरवा ड्रेस घालून बाहेर आली आणि तिनं बाजेवर चादर पुन्हा अंथरली. मागोमाग इंदुताई फुलांच्या कपांत चहा घेऊन आल्या.

"आता बसा मॅडम. आता तुमी पाहुण्या."

बाई बसल्या. कपबशी हातात घेतली आणि कप बशीत खुळखुळायला लागला. चादरही मागून आणलेलीच असणार, तिच्यावर चहा सांडू नये म्हणून त्यांनी तो दोन्ही हातांनी घट्ट धरला.