काटेसाहेबांची वाकडी चकती

चकती वाकली ती बहिणीच्या हातून, याबद्दल काटेसाहेबांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. तशी शंका त्यांना स्वतःबद्दल कधीच यायची नाही, ती नेहमी दुसऱ्याबद्दल यायची आणि तिचा त्यांना पगार मिळायचा.

सगळी नोकरी त्यांनी दुकानदारांचे तराजू आणि वजनं तपासण्यात घालवली होती. 'काटेसाहेब' हे नाव दुकानदारांनीच ठेवलेलं, आणि ते काही कौतुकानं नव्हे. काटा जरासा सरकलेला सापडला की प्रत्येक जण एकच सांगायचा, "साहेब, आणला तेव्हापासून असाच आहे हो." साहेब शांतपणे मान डोलवायचे आणि काट्याला सील ठोकायचे. निवृत्तीनंतर सील ठोकायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी मागच्या खोलीत दगड कापायचं छोटं यंत्र बसवलं. पत्र्याचं खोकं, खोक्यात तेल, आणि तेलात कड बुडवून फिरणारी, ताटाएवढी मोठी पण पातळ पोलादी चकती. तिच्या कडेला हिऱ्याची भुकटी बसवलेली असते, म्हणून दगड कापला जातो. रस्त्याकडेचा कुरूप धोंडा आत घालायचा आणि दोन रंगीत फाका बाहेर काढायच्या, यात त्यांचा दिवस मजेत जाई. "आता दगडांची झडती सुरू झाली," बायको म्हणे.

धाकटी बहीण वरच्याच मजल्यावर राहायची. रोज संध्याकाळी चहाला खाली यायची, साहेबांच्या कपात डोकावायची, "तुझ्यात जास्त आहे" म्हणायची आणि बिनदिक्कत कप बदलून घ्यायची. आता ती मुलाकडे, दुसऱ्या शहरात, कायमची राहायला निघाली होती. जाण्याआधी तिनं एकच गोष्ट मागितली. त्यांच्या लहानपणच्या घरात वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून एक पांढरा दगड लावलेला असायचा. आईवडील गेले, घर सुटलं, दगड तेवढा साहेबांकडे आला. त्याचे दोन भाग करायचे, एक तुला, एक मला, आणि कापणार मात्र मी, असं तिचं म्हणणं.

साहेब शेजारी उभे राहून सूचना देत होते. यंत्र सुरू व्हायच्या आधीच फोन आला म्हणून ते बाहेरच्या खोलीत गेले. परत येतात तो यंत्र किंचाळत होतं, चकती डुगडुगत होती आणि दगडात केसासारखी बारीक चीर जायला हवी तिथे करंगळी जाईल एवढी खाच पडली होती.

"काय केलंस?" त्यांनी बटण बंद करत विचारलं.

"मी काही नाही केलं. सुरू केलं तेव्हापासूनच हलत होती."

हे वाक्य साहेबांच्या चांगलं ओळखीचं होतं. "सगळे हेच म्हणतात," ते म्हणाले. "दगड नीट आवळला नसशील. चुकलं तर चुकलं म्हणावं माणसानं."

बहिणीनं हात पुसले आणि ती वर निघून गेली. त्या दिवसापासून ती चहाला आली नाही.

ती जायची त्याच्या आदल्या दिवशी सकाळी बायकोनं विषय काढला. "उद्या जाणार ती. वर जाणार आहात की नाही?"

"चकती सरळ करतो, दगड कापतो, तिचा भाग नेऊन देतो. तिनं एकदा चुकलं म्हणावं, विषय संपला."

"आणि नाही म्हणाली तर?"

"म्हणेल. पुरावा आहे."

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं आणि ती भाजी आणायला गेली. या घरात असं पाहण्याला उत्तर मानायची पद्धत होती.

साहेबांनी चकती काढली, तिचं तेल टिपलं आणि जेवणाच्या टेबलावरच्या जाड काचेवर ती आडवी ठेवली. वर पोलादी पट्टी उभी धरली आणि खाली वाकून पट्टीखालून उजेड कुठे दिसतो ते पाहू लागले. वाकडी चकती उजेड आत सोडते, ही चकती सोडत नव्हती. त्यांनी ती फिरवली, उलटली, चष्मा पुसला. तरी नाही. तेव्हा त्यांना काचेचा संशय आला. काच तपासली, ती निर्दोष निघाली. मग पट्टीचा आला, तीही निर्दोष. शेवटी त्यांनी चकती परत यंत्राच्या दांड्यावर चढवली, दोन बाजूंचे जाड वॉशर लावले, नट आवळला आणि हातानं हळूच फिरवली. चकती लचकली. साहेबांना बरं वाटलं. इतक्या वर्षांचा अनुभव होता, गुन्हेगार साहेबासमोर सरळच वागतो.

जिथे चकती बाहेर येत होती तिथे त्यांनी खडूनं खूण केली, चकती उतरवली आणि सपाट लाकडी ठोकळ्यावर ठेवून लाकडी हातोडीनं खुणेवर हलके हलके ठोकलं. परत चढवली. आता ती दुसरीकडेच बाहेर येत होती. तिथे खूण, तिथे ठोके. पुन्हा चढवली, तर लचक तिसरीकडे. चकतीवर खडूच्या इतक्या खुणा झाल्या की ती घड्याळाची तबकडी वाटू लागली. वाक असा जागा बदलत का हिंडतो, हा प्रश्न कोणालाही पडला असता. साहेबांना तोही बहिणीचाच दोष वाटला. किती वाईट वाकवून ठेवलीय, असं म्हणत त्यांनी लोखंडी हातोडी घेतली.

दुपारपर्यंत चकती काचेवर ठेवली की पाळण्यासारखी झुलायला लागली. आता तिच्याखाली पट्टी काय, बोट जाईल एवढा उजेड होता.

बायको परत आली, तिनं टेबल पाहिलं. "ते तेल तरी पुसून घ्या. जेवायचं कुठे?"

साहेबांनी फडकं घेतलं. टेबल पुसलं, हातोडी पुसली, नट पुसला, मग आतल्या बाजूचा वॉशर पुसायला घेतला. फडकं अडकलं. त्यांनी नखानं चाचपलं. तेलाच्या काळ्या गाळात, वॉशरच्या मधल्या भोकाच्या अगदी कडेला, काहीतरी घट्ट चिकटलं होतं. त्यांनी ते खरवडून काढलं आणि उजेडात धरलं. बाजरीच्या दाण्यापेक्षाही लहान, दगडाचा कण. हिरवा.

बहिणीचा दगड पांढरा होता. हिरवा दगड तिनं कापायला घेतलं त्याच्या आदल्या दिवशी साहेबांनी स्वतः कापला होता. मग चकती उतरवून पुसली होती आणि परत बसवली होती. वॉशर पुसला नव्हता. एवढासा कण वॉशर आणि चकतीच्या मध्ये बसला आणि धडधाकट चकती तिरकी उभी राहिली, आणि दर वेळी नव्यानं चढवली की लचक नव्या जागी. काचेनं सकाळीच सांगितलं होतं, पट्टीनंही सांगितलं होतं.

त्यांना शरम वाटली. नुसती शरम नाही, बायकोसमोर बसून जेवता येईना इतकी. ते कण मुठीत धरून वर गेले.

बहीण बॅग भरत होती. भावाला दारात पाहून तीच आधी बोलली, हे तिनं ठरवूनच ठेवलेलं दिसत होतं. "दादा, चकती मीच वाकवली. चुकलं माझं. झालं ना? आता बस, चहा टाकलाय. भांडून नाही जायचं मला."

हे शब्द ऐकायला साहेब इतके दिवस थांबले होते. अख्ख्या नोकरीत ते त्यांना कोणी म्हटले नव्हते. नुसती मान डोलवली असती तरी भागलं असतं, आणि कण बाहेर टाकायला खिडकीही उघडीच होती. त्यांनी मूठ उघडली आणि कण बॅगेच्या झाकणावर ठेवला.

"तू नाही वाकवलीस. मी बसवताना हे मध्ये राहिलं होतं. तू सुरू केलंस तेव्हापासूनच हलत होती."

तिनं कण बोटावर घेऊन पाहिला. "मग आता पुसून बसव की."

"आता खरंच वाकलीय. सकाळपासून ठोकतोय मी."

बहीण हसायला लागली. पोट धरून, पलंगावर बसून हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते लपवले नाहीत. इतके दिवस ती बोलली नव्हती ती रागानं नाही, तिला लागलं होतं.

"नवी चकती उद्यापर्यंत नाही मिळायची," साहेब म्हणाले. "दगड अर्धवटच राहिला."

"राहू दे. दाराला लावायला अर्धा दगड काय कामाचा?"

आत चहाला उकळी आली होती. ती उठली आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, तिला नुसतंच सुचलं होतं.

"दादा, ते दुकानदारही असंच म्हणायचे ना? आणला तेव्हापासून असाच आहे म्हणून?"

"म्हणायचे."

"सगळे खोटं बोलायचे?"

'हो' म्हणायला साहेबांनी तोंड उघडलं. त्यांना एक म्हातारा मीठवाला आठवला. सील ठोकलं तेव्हा त्यानं वाद घातला नव्हता, काट्याकडे पाहत नुसता उभा राहिला होता. त्याचा काटा साहेबांनी उघडून पाहिला नव्हता. कोणाचाच पाहिला नव्हता.

बहीण आत गेली. तिनं दोन कप भरून आणले, दोन्हींत डोकावून पाहिलं आणि ज्यात जास्त होता तो त्यांच्यापुढे ठेवला.