समोरची खाच

कांताबाईने आपलं चांगलं शिसवी लाटणं करवतीने अर्धं केलं, तेव्हा दारात उभा असलेला बळीराम हबकलाच.

“काय करून राहिली वं? पोळ्या कशानं लाटशील?”

“बाटलीनं लाटीन. तुमी बसा तिकडं.”

बस म्हटलं की हल्ली तो निमूट बसायचा, आणि कांताबाईला नेमकं तेच खुपायचं. एसटीचा ड्रायव्हर गडी! रामटेक आणि खाप्याच्या रस्त्यांवर जन्म घालवलेला. गिअर असा टाकायचा, की मागच्या बाकावरच्या म्हातारीची झोप मोडू नये. लग्नानंतर कांताबाई माहेरून, खाप्याहून, पहिल्यांदा त्याच्याच बसने परतली, तेव्हा तीही अशीच गाढ झोपली होती. सगळी गाडी रिकामी झाली तरी हिचा पत्ता नाही. शेवटी तो स्वतः उठून मागे आला आणि हलकेच म्हणाला, “उतर वं, नागपूर आलं.”

आता त्याच माणसाचे हात कापत होते, गिअरचा डावा जरा जास्तच. स्कूटरची किल्ली त्याने स्वतःहून खुंटीला टांगली. दाढी न्हाव्याकडे गेली. चहा कपबशीतून स्टीलच्या ग्लासात आला, तोही अर्धा. उरलं होतं एकच सुख, विमान. पुण्याला नोकरीला असलेल्या प्रीतमने, म्हणजे मुलाने, बापाला संगणकावरचा विमान चालवायचा खेळ घेऊन दिला होता. उजव्या हाताने दांडी धरायची आणि डाव्या हाताने इंजिनाचा जोर कमीजास्त करायची एक लिव्हर. तिला थ्रॉटल म्हणतात, पण बळीराम तिला गिअरच म्हणायचा. पडद्यावर रामटेकचा गड नि कन्हान नदी दिसली, की स्वारी खूश.

पण लिव्हर पडली हलकी, प्लास्टिकची. हात कापला की तीही कापायची, इंजिन रडायचं, विमान उड्या मारत आपटायचं. परवा असंच आपटलं. बळीरामने वायर काढली, नीट गुंडाळली आणि म्हणाला, “प्रीतमले वापस पाठवून दे. माह्या हातानं आता काई होत नाई.”

हेही खुंटीला गेलं, तर या माणसाला सकाळी उठायला काही कारणच उरणार नव्हतं. तिने लागलीच सुनेला फोन लावला. चिन्मयी मूळची पुण्याची, यंत्रांचे आराखडे काढणारी. ‘जयभीम, आई’ म्हणून तिने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, “लिव्हर जड करा. मूठ मोठी करा, पूर्ण पंजा टेकेल अशी. आणि ती अगदी समोर येते ना, तिथे एक खाच द्या. तिथे ती टुक करून बसली, की बाबांचा हात निवांत.”

आयुष्यभर शिवणयंत्र चालवलेल्या बाईला एवढं पुरे होतं. तिने लिव्हरची डबी उघडली. लिव्हरच्या बुडाशी जुन्या घोंगडीचा तुकडा घातला, त्यावर शिवणयंत्राची स्प्रिंग ठेवून नट आवळला. दोऱ्याचा ताण जुळवावा, तसा लिव्हरचा जुळवला. लिव्हरला बॉबिनच्या डबीची लवचिक पट्टी लावली, आणि ती अडकून बसावी म्हणून शेजारी बसवलेल्या लोखंडी मोजपट्टीला कानशीने खाच पाडली. आणि मुठीला अर्धं लाटणं.

रविवारी सकाळी बळीराम कसाबसा खुर्चीत बसला. “तू म्हणतं म्हणून. हे शेवटचं.”

विमान उडालं. लिव्हर जड होती, लाटणं पंज्यात बसत होतं; बळीरामचा चेहरा उजळला. पण उतरायची वेळ आली, तशी इंजिनाचा जोर कमी करायला त्याने लिव्हर पोटाजवळ ओढली आणि तिथे तिला अडवणारं काहीच नव्हतं. कापत्या हाताखाली ती पुढेमागे होऊ लागली. विमान धावपट्टीवर एकदा आपटून उसळलं. घाबरून त्याने लिव्हर पार पुढे ढकलली. टुक! इंजिन गर्जलं आणि विमान परत आभाळात.

“कांता! तू तं मले उतरूच देऊन नाई राहिली!”

कांताबाई रडवेली झाली. तिने तिथल्या तिथे सुनेला फोन लावला. “अवं, तू म्हटलं तशीच तं केली खाच! समोर!”

“समोर म्हणजे बाबांच्या समोर, आई! जवळ, पोटापाशी!”

घ्या! नागपुरात समोर म्हणजे पुढे. समोरच्या चौकातून वळा, समोरच्या महिन्यात या. आमचा माणूस काळातही समोरच जातो. पुण्याचं समोर मात्र पोटाशी येऊन थांबतं, हे बिचाऱ्या कांताबाईला कोण सांगणार? “खाच बुजवून दुसरी करते,” ती ओशाळून म्हणाली.

बळीरामचं लक्षच नव्हतं. तो आपल्या डाव्या हाताकडे बघत होता. हात थरथरत होता, पण खाचेत बसलेली मूठ जागची हलत नव्हती, आणि विमान सरळ रेषेत वर चाललं होतं.

“पाह्य वं,” तो हळूच म्हणाला. “हात कापून राहिला, पण विमान नाई कापून राहिलं. बुजवू नको हे खाच. पोटाजवळ अजून एक कर.”

तिने विमान हवेत असतानाच खेळ थांबवायला लावला आणि कानस घेतली. बळीराम शेजारी बसून मोजपट्टी धरायला बघत होता. पट्टी त्याच्या हातात कापत होती, तरी तिने त्याला धरू दिली. खाच जरा वाकडी झाली.

मग पुन्हा कन्हान आली, पुन्हा धावपट्टी. बळीरामने श्वास रोखून लिव्हर मागे घेतली. टुक. इंजिन शांत झालं, चाकं जमिनीला अशी टेकली की म्हातारीची झोप मोडू नये. विमान सावकाश थांबलं. कांताबाईचे डोळे भरून आले होते; तिला पडदा धड दिसतही नव्हता.

बळीराम मागे वळला.

“उतर वं, नागपूर आलं.”

आणि कांताबाई पदर सावरत खरोखरच उठून उभी राहिली.