क्लॅरिनेटवाल्याचा दम

"अहो मास्तर, दम कुठे कोंडताय? श्वास चालू ठेवा!" व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्यांच्या पोटावर हात ठेवला. "पोट कसं दगड झालंय. तुम्ही लघवी रोखायचा स्नायू आवळत नाही आहात, खाली ढकलताय."

मास्तरांचा उभा जन्म बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवण्यात गेला होता. सूर लांबवायचा म्हणजे दम कोंडायचा, पोट घट्ट करायचं, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. शस्त्रक्रियेनं प्रोस्टेट काढलं, देवाच्या दयेनं जीव वाचला. पण लघवीवरचा ताबा गेला. लघवीची नळी काढल्यापासून बिचारे मन लावून व्यायाम करत होते आणि नेमका उलटा!

"तरी म्हटलं, व्यायाम करताना यांचं तोंड टोमॅटोसारखं का होतं!" बरोबर आलेली बायको म्हणाली. "विचारलं तर म्हणे, तुला काय कळतंय त्यातलं!"

"बरं बाई, तूच खरी."

तिथून दोघं सर्जनकडे गेली. मास्तरांनी आढेवेढे घेतले नाहीत. "डॉक्टर, एकदाच सांगून टाका. मी कोरडा होणार की नाही? फुंकताना जोर लागतो हो. भर बँडात पॅन्ट ओली झाली तर तोंड कुठे लपवू?"

डॉक्टरांनी स्कॅन उजेडाला धरला. "लघवी धरून ठेवणारा स्नायू चांगला लांब आहे. दोन्ही बाजूंच्या नसा वाचवल्यात. वय मात्र तुमच्या बाजूनं नाही. अशांपैकी बरेच जण वर्षभरात सावरतात."

"आणि मी?"

"त्या बऱ्याच जणांत तुम्ही आहात की उरलेल्यांत, हे आज छातीठोकपणे नाही सांगता यायचं, मास्तर."

"म्हणजे देव जाणे, असंच ना?"

"तसं म्हणा. पण व्यायाम तुम्हालाच करायचाय."

दोघं घरी आली. दारात चप्पल काढता काढता मास्तर म्हणाले, "वर्षभर वाट बघायची, आणि शेवटी उरलेल्यांतच निघालो तर? वर्षही गेलं आणि वाजवणंही."

बायकोनं लघवी शोषणारे जास्तीचे पॅड क्लॅरिनेटच्या पेटीत ठेवले.

संध्याकाळी तालमीच्या खोलीत मास्तर आपल्या जागी बसले. सूर लागला, लांबला, आणि मध्येच त्यांना ओल जाणवली. त्यांनी ओळ पुरी केली, क्लॅरिनेट खुर्चीवर ठेवलं, पेटीतला पॅड खिशात घातला आणि ताठ मानेनं रांगेतून बाहेर गेले. शेजारी क्लॅरिनेट वाजवणाऱ्या मुलीनं गुडघे आखडून वाट दिली. त्यांचा सूर तिनं आपल्याकडे घेतला. बँड थांबला नाही.

ते परत येऊन बसले. तिनं वाजवता वाजवता, त्यांच्याकडे न बघता, पायानं स्वरलिपीचा स्टँड त्यांच्याकडे सरकवला. ओळ कुठवर आलीय ते मास्तरांनी पाहिलं, आणि आपली जागा येईपर्यंत शांतपणे श्वास घेत राहिले.