काळ्या कढईतलं ताक

रनाळ्यात भाईदास पाटलांच्या घरचं ताक कुणी कधी विकत घेतलं नव्हतं, कारण ते विकायला कधी ठेवलंच नव्हतं. सकाळी घुसळण झाली, लोणी निघालं, की उरलेलं ताक दाराशी येईल त्याचं. लोटा घेऊन यावं, ओट्याखाली रांगेत उभं राहावं, पाळी आली की लोटा पुढे करावा. शिवाशिव नको म्हणून धार वरून धरत, ते काही मी लपवत नाही. पण रिकामा लोटा त्या दारावरून परत गेला नव्हता. पाटलांच्या बापापासून हे असंच चाललं होतं. पाटलांना या गोष्टीचा एवढा अभिमान, की सोयरीक करायला पाहुणे आले की त्यांना शेताआधी ताकाची रांग दाखवत.

ही गोष्ट एकोणीसशे चौतीस-पस्तीसच्या सुमाराची. पाऊस सरला की गावात हिवताप यायचा आणि घरोघरी गोधड्या कुडकुडायच्या. पोस्टात क्विनाइनच्या पुड्या मिळत, त्या घेतल्या की ताप जायचा. पण ताप गेला तरी बायकांच्या अंगात काही उरत नसे. ओठ पांढरे, नखं पांढरी, विहिरीवरून घागर आणताना मध्ये दोनदा खाली ठेवायची. बाप्यांच्या ते ध्यानात यायचं नाही. येणार कसं? पांढऱ्या हातांनी केलेली भाकरी काही पांढरी होत नाही.

पाटलांची थोरली सून रुक्मिणीबाई हिच्या मात्र ते चांगलंच ध्यानात आलं होतं. तिची धाकटी जाऊ शांती दोनदा बाळंत झाली होती. दोन्ही वेळा मूल गेलं आणि शांती कशीबशी वाचली. अंगावरून इतकं गेलं होतं, की सुईणीने दुसऱ्या वेळी बाहेर येऊन पदर तोंडाला लावला होता. आता शांती तिसऱ्यांदा पोटुशी होती, आणि त्यात हिवतापाने तिला दोनदा झोडपलं होतं. चार पायऱ्या चढली की भिंत धरायची. रुक्मिणीला स्वतःचं मूल नव्हतं. शांती या घरात आली तेव्हा पोरसवदा होती, रुक्मिणीनेच तिची वेणी घातली होती. ही पोर आपल्या डोळ्यांदेखत जाणार, या भीतीने रुक्मिणीला अन्न गोड लागेना.

रुक्मिणीचं माहेर अक्कलकुव्याचं, बेताचं. तिथे घरात पितळेचा पत्ता नव्हता. जे काय शिजायचं ते एका लोखंडी कढईत. आई ताकात ज्वारीचं पीठ कालवून रात्रभर त्याच कढईत आंबवायची आणि सकाळी शिजवायची. ती आंबील काळपट व्हायची, आणि कुणी नाक मुरडलं की आई पाठीत धपाटा घालायची. हिवताप तिकडेही होता, डोंगराच्या पायथ्याला तर जास्तच. पण आई, मावशी, शेजारणी, एकीचेही ओठ असे चुन्यासारखे नव्हते. आणि इथे पाटलांच्या चकचकीत, कल्हई केलेल्या पितळी भांड्यांच्या घरात एक बाई धड लाल नव्हती! रुक्मिणीच्या मनाने घेतलं, की फरक त्या कढईचा आहे. का, ते तिला सांगता आलं नसतं. पण करून बघायला कुणाची परवानगी लागते?

गोठ्यात सरकी शिजवायची एक जुनी लोखंडी कढई पडून होती. ती तिने राखेने घासली, नारळाच्या काथ्याने घासली, विटकरीने घासली. आधी तिच्यात दूध तापवलं. काहीच झालं नाही, दूध दुधासारखंच राहिलं. मग दही लावलं. ते असं झालं, की शांतीने एक घास घेतला आणि परसात जाऊन थुंकली.

"बाई, नांगरना फाळ चाटी ऱ्हायनू असं वाटस," ती म्हणाली.

रुक्मिणी हसली आणि दही म्हशीला घातलं. मग ताकावर आली. आंबट ताक, त्यात ज्वारीचं पीठ, रात्रभर कढईत. सकाळी मंद जाळावर शिजवून वर लसूण-जिऱ्याची फोडणी आणि मीठ. पहिल्यांदा पीठ जास्त झालं, खळ झाली. पुढे ताक फार जुनं निघालं, दात आंबले. करता करता एक दिवस ते जमलं. रंग काळाच, पण लसणाखाली लोखंडाची चव दबली आणि घोट आपसूक खाली उतरला. आधी महिनाभर तिने एकटीने पिऊन पाहिलं, आणि काही झालं नाही तेव्हाच शांतीला दिलं. रोज सकाळी गोठ्यामागे एक वाटी. दोनेक महिन्यांत शांतीच्या पापणीच्या आत गुलाबी दिसायला लागलं. ती एक दिवस माडीवर धान्य घेऊन गेली आणि भिंत न धरता उतरली. रुक्मिणी खाली उभी राहून बघत होती, आणि तिला इतका आनंद झाला की रडू आलं.

आणि नेमकं तेव्हाच सासूने, दगूबाईने, गोठ्यात डोकावलं. काळी कढई, काळी पळी, शांतीच्या हातात काळी वाटी.

"वं माय! हाई काय शे? ताक कळकनं! पोरले कळकेल ताक पाजी ऱ्हायनी!"

कल्हई गेलेल्या पितळेत ताक राहिलं की ते कळकतं, हिरवंकाळं होतं आणि माणसाच्या जिवावर उठतं. हे त्या काळी शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यामुळे धातूच्या भांड्यात रंग बदललेलं ताक म्हणजे विष, यापुढे कुणाचं डोकं चालतच नसे. ओरडा ऐकून भाईदास पाटील धावत आले. कढई पाहिली आणि शांतीच्या हातातली वाटी हिसकावून जमिनीवर उपडी केली. ते रागाने नव्हे, हे सांगायला हवं. त्यांची लहान बहीण लग्नाच्या जेवणात कळकलेलं ताक पिऊन गेली होती.

"मन्ही बहीन मन्हा डोयासमोर गयी," ते म्हणाले. "आते मन्हाच घरमा तोच धंदा?"

त्या घरात सुना सासऱ्याशी बोलत नसत. बोलायचं तर दाराआडून, दुसऱ्या कुणाला तरी उद्देशून. रुक्मिणी दाराआड गेली नाही.

"ते पितळ व्हतं, आबा. हाई लोखंड शे. लोखंड कळकस नही. मी सोता पेस."

पाटील तिच्याशी न बोलता मागोमाग आलेल्या तिच्या नवऱ्याला म्हणाले, "हिलाल, तुन्ही बायकोले सांग. हाई कढई घरमा ऱ्हावाले नको. नि आजपासून या घरना ताकले तिना हात लागाले नको."

कढई उकिरड्यावर गेली. घुसळण दगूबाईने स्वतःकडे घेतली. हिलाल हा भला माणूस, म्हणजे कुणाच्याच उपयोगाचा नाही असा. तो बायकोला म्हणाला, "जाऊ दे ना वं. आबाना जीव घाबरस. शांतीनं बायतपन व्हई जाऊ दे, मंग पाहूत."

"बायतपन व्हवावर शांती ऱ्हाई का?" रुक्मिणीने विचारलं. त्याने पागोटं उचललं आणि शेताकडे निघून गेला.

त्यातच शांतीला पुन्हा हिवताप भरला. ताप उतरला, पण ओठ परत फिके पडायला लागले. सुईण येऊन पोट चाचपून गेली आणि जाताना तिने पुन्हा पदर तोंडाला लावला. रुक्मिणीने ते पाहिलं आणि तिच्या डोक्यात तिडीक उठली. घाबरायचं असेल तर घाबरा, पण तुमच्या भीतीपायी ही पोर का म्हणून मरावी?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लोटा घेऊन परसदाराने बाहेर पडली. उकिरड्यावरून कढई काढली, काखेत मारली, गल्लीला वळसा घालून आपल्याच घराच्या पुढच्या दारी आली आणि ताकाच्या रांगेत उभी राहिली. पुढे जान्याची बायको, मागे समोरच्या पिंजाऱ्याची नईमा. ओट्यावर दगूबाई ताक ओतत होती. पाळी आली आणि रुक्मिणीने लोटा पुढे केला.

"तू आठे काय करस?" दगूबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"ताक मांगाले उनू."

"घरमा ये! लोक देखी ऱ्हायनात!"

"घरना ताकले हात लावू नको, असं आबा म्हनेत. मी कोठे हात लावस? मी लोटा धरस, तुम्हीन वता." मग ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "का मन्हा लोटा रिकामा धाडतस? या दारवरथीन तसं कधी व्हयनं नही म्हने."

पाटील आत खाटेवर बसून ऐकत होते. दगूबाईने वळून त्यांच्याकडे पाहिलं. द्यावं तर सून जिंकली, न द्यावं तर बापजाद्यांचं नाव गेलं. शेवटी त्यांनी मान भिंतीकडे फिरवली, आणि दगूबाईने ताक ओतलं. लोटा काठोकाठ भरला. दातओठ खात का होईना, भरला.

रुक्मिणी आत गेली नाही. रस्त्यापलीकडच्या निंबाखाली तिने तीन दगड मांडले, कढई घासून वर ठेवली आणि ताकात पीठ कालवलं. रात्री तिथेच झाकून ठेवलं, सकाळी पुन्हा येऊन शिजवलं. पाटलांची थोरली सून रस्त्यावर चूल मांडून बसली! गावाला आणखी काय हवं होतं? ज्याला त्या रस्त्याने काम नाही तोही तिकडून जायला लागला. रुक्मिणी कुणाला उत्तर देत नव्हती. एकदा एका म्हाताऱ्याने फारच लाज काढली, तेव्हा तिने त्यालाच वाटी पुढे केली, तसा तो काठी टेकत चालता झाला.

काळं काही उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचं नाही, म्हणून दगूबाई दारात ठाण मांडून बसली. मग शांतीच बाहेर आली. भरल्या पोटाने, सासूच्या अंगावरून, डोक्यावरचा पदर सांभाळत ती रस्ता ओलांडून निंबाखाली आली आणि दगडावर बसली.

"दे बाई," ती म्हणाली.

तेवढ्यात पाटील काठी घेऊन आले. चेहरा लालबुंद, श्वास फुललेला. "फोडी टाकसू!" ते ओरडले आणि त्यांनी कढईवर काठी घातली. कढई वाजली. काठी मात्र मधोमध चिरली.

रुक्मिणी उठून त्यांच्यासमोर उभी राहिली. पदर खांद्यावर होता, डोक्यावर नव्हता. तिने वाटी भरली, त्यांच्याकडे बघत सगळी प्यायली आणि पालथी करून दाखवली.

"मी रोज पेस. मरनू का? तुम्हनी बहीन गयी त्यानं दुख माले बी शे, आबा. पन तिना नावे तुम्हीन शांतीले माराले निंघनात. मी मरू दिवाव नही. कढई नदीमा फेका, मी दुसरी लयसू. माले घरमाईन काढा, मी या निंबखाले ऱ्हासू. पन ताक मांगाले रोज इसू."

पाटलांनी शांतीकडे पाहिलं. ती वाटी दोन्ही हातांनी धरून पीत होती, घाईघाईने, कुणी काढून घेईल म्हणून. त्यांचा हात खाली आला. ते घरात गेले.

मग नईमा रस्ता ओलांडून आली. तिची पोर तान्ही होती आणि ती स्वतः केळीच्या गाभ्यासारखी पांढरी पडली होती. "बाई, मेरे कू भी दे जरा. मेरी भी सांस फूलती." पाठोपाठ जान्याची बायको आली, आणि मग आणखी कुणी कुणी. सगळ्या जणी आपल्या वाट्याचं ताक त्या कढईत ओतायला लागल्या, आणि निंबाखाली दुसरी रांग लागली. रुक्मिणी सगळ्यांना एकाच पळीने वाढायची.

शांती बाळंत झाली ती भर दुपारी. याही वेळी रक्त गेलं, कमी नाही गेलं. सुईण बाहेर आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत भरले होते आणि रुक्मिणीच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"पोर शे. चांगली शे," सुईण म्हणाली. "माय बी शे. आवढं रगत गयं, पन आंगमा व्हतं म्हनीसन गयं नि तरी उरनं."

रुक्मिणी तिथेच मटकन बसली आणि गुडघ्यात तोंड घालून मोठ्याने रडली. ओट्यावर पाटील उभे होते. त्यांनी ते सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निंबाखाली रांग लागली होती. पाटील रस्ता ओलांडून आले. हातात लोटा होता. पाटलांना लोटा घेऊन कुणाच्या दारात उभं राहिलेलं गावाने कधी पाहिलं नव्हतं.

"कढई घरमा लई ये," ते हळू आवाजात म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते थोरल्या सुनेशी सरळ बोलत होते. "चूल मोकयी करी देल शे."

"नही, आबा. आते ती घरमा येवाव नही. या सम्द्यासनी शे."

पाटलांनी रांगेकडे पाहिलं, मग लोट्याकडे. "मंग आवढं भरी दे. बायतीनसाठे जोयजे."

"भेटी ना," रुक्मिणी म्हणाली, मानेने रांगेचं टोक दाखवलं आणि पळीने ढवळत राहिली. "रांग तथाईन शे."

पाटलांची मिशी एकदा हलली. मग ते वळले, रांगेच्या शेवटी नईमाच्या मागे जाऊन उभे राहिले आणि लोटा छातीशी धरला. रुक्मिणीने पुढचीची वाटी घेतली आणि भरायला लागली. तिने घाई केली नाही.