एका किटलीच्या सव्वीस बाजू

मित्रांनो, मी सांगते त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. न बसो! मी एक जुनी ॲल्युमिनियमची किटली आहे. बडोद्यातल्या या शाळेत, चित्रकलेच्या खोलीत, पंचवीस वर्षं मुक्काम ठोकून आहे. माझी निघाली तितकी चित्रं एखाद्या राणीचीही निघाली नसतील.

घडियाळी पोळ नावाच्या जुन्या गल्लीतल्या एका कारागिरानं मला घडवलं. तिथल्या चहावाल्याकडे माझी वाफ अशी सुटायची, की समोरच्या दुकानाची पाटी उडून थेट नागरवाड्यात पडायची. दुकानदार रोज आणायला जायचा. माझ्या कुशीतला हा पोचा दिसतो ना? हत्तीनं लाथ मारली होती. हत्ती अजून लंगडतो.

पुढे चित्रकलेच्या निरुपमाबाईंनी मला इथे आणलं. काळ्या कापडावर बसवलं, शेजारी दोन कांदे ठेवले आणि मुलांना भोवती गोल बसवून म्हणाल्या, "दिसतं तेच काढा. माहीत आहे ते काढू नका."

काय कौतुक होतं तेव्हा! मग परीक्षा जवळ आली, की आमचा तास गणिताला जाऊ लागला. खोलीत मोडकी बाकं आली. जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली मी दोन वर्षं काढली.

गेल्या वर्षी शाळेचे विश्वस्त प्रतापराव आले. गोरव्यात त्यांचा कारखाना आहे. "बाई, हा तास बंदच करावा म्हणतो," ते म्हणाले. "तरी आज एकदा बघतो."

बाईंनी मला पुसून टेबलावर ठेवलं. सव्वीस मुलांनी मला काढलं. प्रतापराव कागद बघत फिरले आणि कपाळाला आठ्या पडल्या.

"अरे, आ शुं? हे काय? कोमलच्या किटलीला पोचा आहे, शुभंकरच्या नाही. पीयूषनं तर तोटीच गाळली! किटली एक, चित्रं सव्वीस तऱ्हांची. अर्धा वर्ग चुकतोय आणि तुम्ही सगळ्यांना छान म्हणताय?"

बाई म्हणाल्या, "साहेब, बूट काढा. पीयूषच्या जागेवर बसा."

ते खाली बसले. गुडघे असे कडाडले, की गोरव्यापर्यंत ऐकू गेलं. पीयूषच्या जागेवरून माझी तोटी खरंच दिसत नव्हती. ते शुभंकरच्या जागी सरकले, मग कोमलच्या. तिथून पोचा दिसला. असे ते सात जागांवर बसून आले.

"कारखान्यात दोघं भांडले," ते हळूच म्हणाले, "की मी एकाला खोटं ठरवून मोकळा होतो." मग हात पुढे केला. "तास राहू द्या, बाई. आणि मला एक पेन्सिल द्या."

त्यांची किटली फणसासारखी आली. शेजारी बसलेल्या अवंतीनं धीर दिला, "काका, पहिलं असंच येतं."

तेव्हा मित्रांनो, चित्रकलेचा तास कुणाला उसना देऊ नका. आमच्यावर गठ्ठे रचू नका. आम्हाला नीट बघा, सगळ्या बाजूंनी बघा. त्या दिवशी मला तर इतका आनंद झाला, की मी काठोकाठ भरले आणि सव्वीस मुलांना, बाईंना, साहेबांना स्वतः गरमागरम चहा...

"खोटं!" ऐकणाऱ्या मुलांतून अवंती ओरडली. "शुक्रवारी बाईंनी तुला आडवी ठेवली होती. मी तुझं बूड कागदावर काढलंय. रुपयाएवढं भोक आहे त्याला!"